मिनाच्या नावावर शून्य

पुणे,
९ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमदास,
जयभीम.

आपल्या हिंगोलीच्या टीमला आणखी वर्षभराचं काम मिळालं. ऐश्वर्या मॅडमनी दुपारी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, म्हणजे पक्कं. त्या वरच्या मजल्यावरून खाली येतात त्या फक्त पक्कं सांगायलाच. ‘जिल्ह्याच्या गावात टेस्टर बसवून कुठं काम होतंय का’ म्हणणारे आज कँटीनमध्ये माझी नजर चुकवत होते. मी मुद्दाम त्यांच्याच टेबलावर बसून चहा घेतला.

दुसरी गोष्ट मात्र गोड नाही. टीम चौघांची नाही, तिघांची राहणार. मिना, शीतल, योगेश आणि दिपा यांतलं एक नाव फेब्रुवारीपासून कमी करायचं आहे. नाव तू सुचवायचं, कारण तिथला लीड तू आहेस आणि कामाची वाटणी तूच करतोस. माणसांबद्दलचं बोलणं ऑफिसच्या चॅटवर करायचं नाही हा आपला हॉस्टेलपासूनचा हट्ट, म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या ईमेलवर.

मी इथून जे पाहतो ते सांगतो. आपलं सॉफ्टवेअर गोदामाचं. शेतकरी हळदीची पोती घेऊन आला की नोंदणी, वजन आणि शेवटी पावती. पावती चुकली तर माल एकाचा आणि हक्क दुसऱ्याचा. हा सगळ्यात जोखमीचा भाग तू मिनाकडे दिलास. काम सुरू झाल्यापासून तिनं सॉफ्टवेअरमधली एक चूक पकडून नोंदवलेली नाही, तिच्या नावावर एक बग नाही. शून्य. शीतलकडे नोंदणीचा भाग आहे, पण ती आपलं काम संपवून पावतीतलेही बग शोधते! पोरगी मोठी टेस्टर होणार.

आकडे मिनाकडेच बोट दाखवतात. तुला काय वाटतं? आणि ही मिना राठोड तुमच्या तांड्याची का रे? राठोड म्हटल्यावर विचारण्यात अर्थ नाही, निम्मा कळमनुरी तालुका राठोड.

तुझा,
रत्नपाल

*

हिंगोली,
१३ जानेवारी २०२५

प्रिय रत्नपाल,
जय सेवालाल.

वर्षभराचं काम मिळाल्याचं वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेलो. खाली योगेश चहा घेऊन येत होता. ‘काय झालं सर?’ म्हणाला. म्हटलं, ‘काही नाही, आज चहा मी पाजतो.’ तो म्हणाला, ‘मंग नक्कीच कायतरी झालं.’

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मिना आमच्या तांड्याचीच, आणि आमच्या घरचीच. माझ्या धाकट्या भावाची, सेवाची बायको. सेवा वारंगा फाट्यावर टेम्पो चालवतो हे तुला माहीत आहे. तुला आधी सांगितलं नाही, कारण मुलाखती पुण्याहून झाल्या, मी मध्ये नव्हतो, आणि सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून लोक म्हणाले असते की राठोडनं घर भरलं.

हे कुणी म्हणू नये म्हणूनच मी तिला पावतीचा भाग दिला. सोपा भाग दिला असता तर बोट उठलं असतं. त्या भागाच्या टेस्ट केस, म्हणजे काय टाकायचं, काय दाबायचं, काय दिसायला पाहिजे याच्या पायऱ्या, मी स्वतः लिहिल्यात. रोज सकाळी चौघांना उभं करून विचारतो: काल कुणाची पायरी फेल गेली, काहून गेली, ती लिहिली कुणी. सगळ्यांपुढं, उघड. मिनाची पाळी आली की ती म्हणते, ‘सगळं पास, सर.’

मी कामावर मोटारसायकलनं येतो, ती एसटीनं. ऑफिसात मी ‘सर’. घरी आम्ही बोलत नाही. थोरला दीर ओसरीवर असला की धाकटी सून मागच्या दारानं जाते, आमच्यात रीतच आहे. दोघांनाही त्याची तकलीफ नाही.

तांड्यातून लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून एसटीत चढणारी ती पहिली सून. फाट्यावरचा चहावाला तिच्यासाठी बाक पुसतो. आई शेजारणींना सांगते, ‘आमची मिना पुन्याचं काम हिंगोलीत बसून करती.’ हे सगळं डोळ्यापुढं ठेवून लिहितोय: नाव मिनाचंच लिही. घरची म्हणून वाचवली असं होऊ नये. सेवाला मी अजून सांगितलेलं नाही. तुझं पक्कं पत्र आलं की सांगीन.

प्रेमदास

*

पुणे,
१५ जानेवारी २०२५

प्रिय शीतल,
जयभीम.

तुझं काम मी रोज वाचतो. विशेषतः पावतीतले तुझे बग. काय झालं, कसं झालं, शेतकऱ्याचं त्यात काय नुकसान, हे तू तीन ओळींत सांगतेस. आमच्या इथल्या जुन्या टेस्टरांना मी ते दाखवले.

फेब्रुवारीपासून पावतीचा भाग पूर्णपणे तुझ्याकडे द्यायचा विचार आहे. शिवाय पुण्याला येऊन टीम सांभाळण्याचं काम शिकावंस, असं मला वाटतं. घरी विचार आणि कळव. ही बातमी सध्या तुझ्यापाशीच ठेव.

रत्नपाल खंदारे

*

हिंगोली,
१६ जानेवारी २०२५

रत्नपाल सर,
जयभीम.

पत्र वाचून आधी आईला मिठी मारली आणि मग पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर मिठी सोडली.

सर, पावतीतले बग माझे नाहीत. सगळे मिनाचे आहेत. शोधते ती, लिहिते ती, त्या तीन ओळी तिच्या. मी फक्त माझ्या नावानं टाकते.

कसं झालं ते सांगते. सुरुवातीला एकदा डबा खाताना ती मला म्हणाली, ‘ताई, हे तू टाक.’

‘काहून? तुझा भाग हाय.’

‘सरांच्या पायरीतच चूक हाय. पायरीपरमानं केलं तर पास होते. पन मी जरा वाकडं केलं तर पावती दुसऱ्याच्याच नावानं निघून राहिली.’

‘मंग सांग की सकाळी.’

‘सकाळी उभं राहून म्हनू, सर, तुमचं चुकलं? थोरले दीर हायत ते माझे.’

मी हसले. म्हटलं, ‘अगं, मी माझ्या बापालाबी तोंडावर सांगते, पप्पा, तुमचं चुकलं.’

‘तुझा बाप घरात ऐकते. इथं चारजन ऐकत्यात,’ ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात ठेवला. लाच होती ती, सर. तिची ठेच्याची भाकरी फार चांगली असते.

तेव्हापासून असंच चाललंय. तिच्या भागातल्या पायऱ्या सरांनी लिहिल्यात, त्या पायऱ्यांनी सगळं खरंच पास होतं, म्हणून ती खोटं बोलत नाही. पायरीबाहेर जे सापडतं ते माझ्याकडे येतं. सगळ्यात मोठा बग तुम्ही वाचला असेलच: एका गावात एकाच पूर्ण नावाचे दोन शेतकरी असले तर सॉफ्टवेअर न विचारता पहिल्याच्या नावानं पावती काढतं. हे तिला सुचलं, कारण त्यांच्या तांड्यात दोन फुलसिंग लालसिंग राठोड आहेत. मला कधीच सुचलं नसतं. आमच्या गल्लीत दोन शीतलसुद्धा नाहीत.

पावतीचा भाग ‘माझ्याकडे’ येणार म्हणजे तिच्याकडून जाणार, एवढं मला कळतं. तेवढ्यासाठी हे लिहिते. तिला कमी केलं तर पावतीतले बग सापडणं त्याच दिवशी बंद होईल.

पुण्याला यायला माझी ना नाही. पण मला माझ्या बगांवर बोलवा. नोंदणीतले माझेच आहेत, आणि तेबी काही कमी नाहीत.

शीतल पाईकराव

*

पुणे,
१७ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमदास,

हे पत्र वाचायला बसशील तेव्हा दार लावून घे.

मिनाचं शून्य शून्य नाही. पावतीतले सगळे बग तिनं शोधलेत आणि शीतलच्या नावानं टाकलेत. कारण ते तुझ्या टेस्ट केसमधून निसटलेले आहेत, आणि रोज सकाळी चौघांपुढं उभं राहून थोरल्या दिराला ‘तुमचं चुकलं’ म्हणणं तिला जमलं नाही. मला हे शीतलनं कळवलं. स्वतःची बढती हातात असताना कळवलं, हेही लक्षात ठेव.

तू अन्याय केलास असं मी म्हणत नाही. उलट. कुणी बोट दाखवू नये म्हणून तू तिला सगळ्यात अवघड भाग दिलास, आणि अवघड भाग म्हणजे ज्याच्या टेस्ट केस तू लिहिल्यास तो भाग. वाटणी करताना आपण बघतो की कुणाला काय येतं, कुणाला किती वेळ आहे. कुणाचं काम कुणापुढं तपासायला जातंय हे आपण दोघांनीही बघितलं नाही. मी तर तिनं शोधलेल्या बगांवर दुसरीचं कौतुक करून बसलो. व्यवस्थापक म्हणे.

माझा तोडगा साधा आहे. घरच्या माणसाचं काम घरच्या माणसाकडे तपासायला द्यायचं नाही. मिनाला योगेशचा वजनाचा भाग दे, त्याच्या टेस्ट केस मी लिहिल्यात. मला तिनं खुशाल नापास करावं. योगेश पावतीवर येईल. नाव कमी करायचं त्याचं मी मॅडमशी बोलतो. तू फक्त हो म्हण.

रत्नपाल

*

हिंगोली,
२७ जानेवारी २०२५

प्रिय रत्नपाल,

उत्तराला उशीर झाला. दोनदा फोन केलास, तोही उचलला नाही. रागात होतो. पण कुणावर, हे कळायला वेळ लागला.

आधी वाटलं मिनावर. मग वाटलं शीतलवर. मग एकदा सकाळी तांड्यातून निघताना पाण्याच्या टाकीपाशी फुलसिंग भेटला. ‘राम राम मास्तर’ म्हणाला. पुढं शाळेमागं दुसरा फुलसिंग भेटला. तोही ‘राम राम’ म्हणाला. दोघांच्या बापांची नावं लालसिंग. लहानपणापासून मी त्यांना टाकीवाला आणि शाळेवाला म्हणतो. आणि टेस्ट केस लिहिताना मी शेतकऱ्याचं नाव काय टाकलं? ‘रमेश पाटील’! क्लासमध्ये शिकवायचो तेव्हाच्या पुस्तकात असायचं तसं. माझ्या तांड्यात एक रमेश पाटील नाही रे. राग तिथं होता.

घरी हे आईजवळ काढलं. आई, म्हणजे पारुबाई, तुला माहीत आहे, ती कुणालाच सोडत नाही. म्हटलं, ‘मिनानं मला सांगितलं का नाही? मी काय खाऊन टाकलं असतं?’

आई हसायलाच लागली. ‘अरं, तुझ्या ताटातल्या भाजीत मीठ कमी पडलं, हे ती तुला कधी सांगती का? मला सांगती. मी तुला सांगते. तुला पडसं झालं, तू काढा पेयला नको म्हनला, तिनं तुला सांगितलं का? मला सांगितलं. मी तुला पाजला. बराबर?’

‘बराबर.’

‘मंग तिकडं हापिसात मी हाय का? न्हाई. तिनं तिथं दुसरी पारुबाई शोधली. शान्या मानसा, तूच तिला तशी जागा दिली आन् तूच इचारून राहिला.’

शीतल पाईकराव ही आमच्या ऑफिसातली पारुबाई आहे, हे एकदा डोक्यात बसलं आणि मला हसू आलं. राग तेव्हाच गेला.

तुझा तोडगा मला पटला. मिनाला वजनाचा भाग द्यायचा, असं मी आईकडूनच तिला निरोप म्हणून सांगितलं. ऑफिसात सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. खरं लिहितो.

उत्तर आईकडून आलं नाही. मिना आईला एवढंच म्हणाली, ‘याचं मी पत्रानंच लिहिते, सरांच्या सरांना.’ तुला येईल. मला त्याची प्रत येणार आहे म्हणे.

प्रेमदास

*

हिंगोली,
२८ जानेवारी २०२५

आदरणीय रत्नपाल सर यांना,
(प्रत: प्रेमदास सर)

नमस्कार.

माझं काम बदलू नये अशी विनंती आहे. कारणं सांगते.

मी घाबरून गप्प बसले, असं सगळ्यांना वाटत असेल. तसं नाही. बग सापडला, तो दुरुस्त झाला, शेतकऱ्याची पावती बराबर निघाली, एवढंच मला महत्त्वाचं वाटलं. नाव कुणाचं हे मला महत्त्वाचं वाटलं नाही. आमच्या घरी सांगायचं ते फिरून सांगतात आणि ते पोचतं. इथंही पोचत होतं. इथं नावही मोजतात, हे मला माहीत नव्हतं. ती माझी चूक म्हणा किंवा कुणी सांगितलं नाही म्हणा.

आता कळलं, तर माझे बग माझ्या नावावर घ्यावेत. सगळे. शीतलताईचा त्यात तोटा होईल, पण तिनंच मला हे लिहायला बसवलं आहे आणि आत्ता ती शेजारी उभी राहून वाचत आहे.

पण म्हणून मला पावतीवरून काढू नका. सरांच्या पायऱ्या मी इतके दिवस केल्यात. ते कुठं विचार करतात आणि कुठं घाई करतात हे मला आता पाठ आहे. योगेशला ते शिकायला वेळ लागेल, आणि हळद गोदामात यायला आता वेळ राहिलेला नाही. दीर म्हणून मला त्यांच्या कामापासून लांब ठेवलं तर उद्या योगेशला मित्र म्हणून, दिपाला गाववाली म्हणून लांब ठेवावं लागेल. हिंगोलीत कोण कुणाचं लागत नाही? मग तपासणार कोण?

सकाळच्या बैठकीत जे सांगायचं ते मी सांगीन. फक्त एक बदल करावा. ‘पायरी लिहिली कुणी’ हा प्रश्न विचारू नये. पायरी फेल गेली, ती अशी गेली, एवढं पुरे आहे. ज्यानं लिहिली त्याला कळतंच.

आपली,
मिना सेवा राठोड

*

पुणे,
३१ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमदास,

निर्णय झाला. मिनाचं पत्र तिच्या परवानगीनं ऐश्वर्या मॅडमना दाखवलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. ‘ही आपल्याकडे कधीपासून आहे?’ असं विचारलं. मी म्हटलं, ‘आपण जिला कमी करणार होतो ती हीच.’

मिनाचे बग तिच्या नावावर घेतले. ते काढून घेतल्यावरही शीतल दुसऱ्या नंबरवर आहे, आणि निव्वळ स्वतःच्या बगांवर. ती पुण्याच्या टीममध्ये येतेय. ‘सांगितलं होतं ना सर, तेबी कमी नाहीत’ असं तिनं फोनवर ऐकवलंच. म्हणजे हिंगोलीला मिना, योगेश, दिपा: तीन. कुणाला काढावं लागलं नाही.

माझा घरच्या माणसांचा नियम मी मागे घेतला. ‘मग तपासणार कोण?’ हे मिनाचं बरोबर आहे. तिनं सुचवलेला बदल मात्र आता पुण्यातही लागू आहे. इथंही सकाळी नाव विचारायचं बंद केलं, तर दोन गप्प टेस्टर बोलायला लागले. इथं कुणाचं कुणी दीर नाही, तरी.

एक अट मॅडमची. गोदामातली प्रत्यक्ष चाचणी दहा तारखेला वारंगा फाट्यावर आहे. तिथं टेस्टरांना काम वाटण्याची जबाबदारी पावती ज्याला सगळ्यात जास्त कळते त्याच्याकडे असावी. ते तूच ठरवून मला कळव.

रत्नपाल

*

हिंगोली,
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नपाल,
जय सेवालाल.

आज सकाळी बैठकीत जे झालं ते लिहितो. शीतलचा इथला शेवटचा दिवस होता, म्हणून योगेशनं कचोरी आणली होती. कचोरी मधोमध, आम्ही भोवती उभे. मी विचारलं, ‘पावती?’

मिनानं पदर सारखा केला. मला वाटलं, ‘सगळं पास’ म्हणते की काय. म्हणाली, ‘सर, चौथी पायरी फेल हाय. रेंज गेली, परत आली, की एका मालाच्या दोन पावत्या निघत्यात. तुमी रेंज गेली तर काय, हे धरलंच न्हाई.’

कुणी कचोरीकडं बघितलं नाही. मी म्हटलं, ‘करून दाखव.’ तिनं फोन काढला, रेंज बंद केली, चालू केली. दोन पावत्या. मी म्हटलं, ‘व्हय, चुकलं. आजच बदलतो.’ एवढंच. मग शीतल म्हणाली, ‘झालं? आता खावं का?’ आणि सगळे हसले. मिनासुद्धा. माझ्यासमोर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

घरी हे आईला सांगितलं तर म्हणते, ‘हापिसात बोलली तर बोलू दे. घरी मिठाचं मीच सांगनार, माझं काम कुनी घेयचं न्हाई.’ सेवाला तर कोण आनंद! टेम्पोच्या मालकाला सांगून त्यानं सोमवारची सुट्टी काढली आहे. म्हणतो, गोदामात पोती उतरवायला मी येतो, बायकोचं काम बघायचं हाय. मी म्हटलं, येऊ नको, ती तुलाही कामाला लावील.

तू ठरवून कळव म्हणालास. ठरवलं. गोदामाच्या चाचणीची वाटणी मिना करणार. योगेश वजनावर की पावतीवर, दिपा कुठल्या फोनवर, खरे शेतकरी आधी आत घ्यायचे की आपले, सगळं ती ठरवील. मी तिथं लीड म्हणून जात नाही, टेस्टर म्हणून जातोय. योगेशनं तिला विचारलं, ‘सरांना काय देणार?’ ती म्हणाली, ‘अजून ठरलं न्हाई. त्यांना घाई जमती, पन रांग जमती का बघावं लागन.’

सोमवारी सकाळी नवाला वारंगा फाट्यावर हजर राहायला सांगितलंय. मला कोणता भाग मिळणार, ते ती गोदामाच्या दारात सांगेल.

प्रेमदास